सिग्नलमन ते फोरमन : एका माजी सैनिकाच्या दुसऱ्या नोकरीचे प्रकरण

या प्रकरणातील व्यक्ती, कंपनी आणि प्रकल्प यांची नावे दिलेली नाहीत. प्रस्तुत लेखक त्या प्रकल्पावर नियोजन अभियंता होता. पुढील बहुतेक घटना त्याने प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, काही संबंधित व्यक्तीकडून नंतर सविस्तर ऐकल्या आहेत. लिहिण्यास त्यांची संमती आहे.

पार्श्वभूमी

संबंधित गृहस्थ सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे. बारावीनंतर, 1998 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ते सैन्याच्या सिग्नल कोरमध्ये भरती झाले, गोव्यातील प्रशिक्षण केंद्रात तयार झाले आणि 'ऑपरेटर रेडिओ अँड लाइन' या ट्रेडमध्ये त्यांनी पुढची अठरा वर्षे काढली. 2001-02 मधील ऑपरेशन पराक्रमच्या काळात ते राजस्थानच्या सीमेवर होते. नंतरची बरीच सेवा जम्मू-काश्मीरमध्ये झाली. आईचे आजारपण आणि मुलांच्या शाळा या कारणांनी त्यांनी 2016 मध्ये हवालदार या पदावरून स्वतःहून निवृत्ती घेतली. साइटवर मराठी माणसे त्यांना शेवटपर्यंत 'हवालदार' आणि परप्रांतीय कामगार 'फौजी साहब' म्हणत आले. येथेही आपण त्यांना हवालदार म्हणू.

सिग्नल कोरमध्ये साध्या शिपायाला 'सिग्नलमन' म्हणतात, आणि बांधकामावर टॉवर क्रेनला खालून इशारे देणाऱ्या माणसालाही 'सिग्नलमन'च म्हणतात. या योगायोगाकडे हवालदारांच्या भरतीच्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही, खुद्द हवालदारांचेही नाही.

रेडिओ ऑपरेटरचे काम म्हणजे कानाला सेट लावून बोलणे, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते काम बरेचसे कारकुनी शिस्तीचे असते. एका नेटवर, म्हणजे एकाच लहरीवर बोलणाऱ्या सेटच्या जाळ्यावर, एक कंट्रोल स्टेशन असते आणि बाकीची स्टेशने त्याच्या परवानगीने बोलतात. आलेला निरोप ऐकणारा परत म्हणून दाखवतो. आकडे एकेक अंक सुटा करून सांगितले जातात. कोण, किती वाजता, काय बोलले याची लॉगमध्ये नोंद होते आणि ड्युटी बदलताना तो लॉग पुढच्या माणसाच्या ताब्यात दिला जातो. अर्धवट ऐकू आलेला निरोप अंदाजाने पुरा करणे हा तेथे गुन्हाच समजला जातो. कोरचे ब्रीद 'तीव्र चौकस' असे आहे. हिंदीत चौकस म्हणजे सावध, आपल्याकडे चौकस म्हणजे खोदून विचारणारा. या प्रकरणात मराठी अर्थच अधिक कामी आला.

निवृत्तीच्या वेळचे पर्याय

हवालदारांसमोर तेव्हा चार वाटा होत्या. पहिली, सुरक्षा पर्यवेक्षकाची. ती बहुतेक माजी सैनिक घेतात, कारण ती लगेच मिळते. दुसरी, सरकारी भरतीची. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षांची सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधील, तांत्रिक पात्रता न लागणाऱ्या पदांसाठी पदवीधरासमान धरण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी परीक्षांची तयारी आणि वाट पाहण्याची ऐपत लागते. तिसरी, मोबाइल टॉवरच्या देखभालीची. ती त्यांच्या ट्रेडला सर्वांत जवळची दिसत होती, पण त्यात रात्रीअपरात्रीचा प्रवास होता आणि ते घर सांभाळण्यासाठीच तर परतले होते. चौथी, शेतीची. माणमध्ये पावसाच्या भरवशावर शेती म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

सैन्यातून बाहेर पडण्यापूर्वी पुनर्वसन महासंचालनालयामार्फत जे अभ्यासक्रम मिळतात, त्यांपैकी त्यांनी सुरक्षा पर्यवेक्षणाचा निवडला. 'सगळे तोच घेत होते' एवढेच त्याचे कारण त्यांनी नंतर सांगितले. पुण्यात एका मोठ्या कार्यालयाच्या फाटकावर त्यांनी नऊ महिने बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. 2017 च्या मध्यावर त्यांच्याच गावाकडच्या एका सेंट्रिंग ठेकेदाराने त्यांना पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या प्रकल्पावर आणले. बावीस मजल्यांच्या चार इमारती होत्या. पद साइट सुपरवायझरचे, पगार फाटकावरच्या पगारापेक्षा थोडा कमी. निवृत्तिवेतन चालू असल्यामुळे हा कमीपणा त्यांना सोसता आला. ज्याला तो आधार नाही अशा माणसाला हा निर्णय घेता आला नसता, हे विसरून चालणार नाही.

पहिली समस्या : गँग निघून गेली

व्यवस्थापनाने त्यांना घेतले ते 'फौजी आहे, शिस्त लावेल' या अपेक्षेने, आणि सुरुवातीला त्यांनी नेमके तेच करायला घेतले. सकाळी आठला सर्व कामगारांना रांगेत उभे करून हजेरी घ्यायची, हत्यारे मोजायची, दिवसाच्या कामाच्या सूचना द्यायच्या आणि मगच काम सुरू करायचे. चौथ्या दिवशी शटरिंगची, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणारी, चौदा जणांची गँग, सुतारांसकट, पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या साइटवर निघून गेली.

कारण साधे होते. त्या गँगचा हिशेब चौरस फुटावर होता. सकाळचा अर्धा तास रांगेत गेला तर तो कंपनीचा नव्हे, त्यांचा स्वतःचा बुडत होता. सैन्यात पगार महिन्याचा असतो आणि हुकूम नाकारण्याची सोय नसते. साइटवर मुकादमाच्या खिशात दुसऱ्या तीन साइटचे फोन नंबर असतात. हवालदारांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि दोन आठवडे ते कोणाला काही सांगेनासे झाले. सुपरवायझर म्हणून ते तेव्हा जवळजवळ निरुपयोगी होते, असे आमचे त्या वेळचे मत होते, आणि पुढे जे काही झाले त्यानंतरही त्या दोन आठवड्यांपुरते ते मत मी बदललेले नाही.

त्यानंतरचे दीड वर्ष त्यांनी मुख्यतः शिकण्यात घालवले. सळई मोजणे, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) तपासणे, ओळंबा लावणे, बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) वाचणे हे त्यांनी एका वयस्क फिटरकडून आणि एका गवंड्याकडून शिकून घेतले. ड्रॉइंग वाचायला मी शिकवले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे सगळे करताना त्यांना लाज वाटली नाही, ही त्यांची खरी जमेची बाजू होती.

निर्णायक प्रसंग : साठ की सात

फेब्रुवारी 2019 मध्ये एका इमारतीच्या अकराव्या मजल्याचा स्लॅब रात्री भरायचा होता. अंदाजे दीडशे घनमीटर काँक्रीट लागणार होते. नव्वद आधीच मागवले होते आणि उरलेला आकडा काम पुढे सरकल्यावर फोनने कळवायचा होता. रात्री अकराच्या सुमारास पंपाच्या आवाजात उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याने तयार काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटला सांगितले, 'और साठ भेजो.' प्लांटवरच्या पाळीच्या माणसाने लिहिले, सात.

दोन मिक्सर आले. एकात सहा घनमीटर होते आणि दुसऱ्यात जेमतेम एक. हे चलनावर स्पष्ट लिहिलेले होते. ते चलन साइटवर कोणीही वाचले नाही. सही करून पाठीमागच्या खिळ्याला अडकवले. त्यानंतर गाड्या येईनात. चूक लक्षात येईपर्यंत प्लांटने आपल्या गाड्या दुसऱ्या कामाकडे वळवल्या होत्या. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून सर्वसाधारणपणे दोन तासांत ओतले जावे, असे भारतीय मानक सांगते. पण मुळात गाडीच भरलेली नसेल तर त्या नियमाचा काय उपयोग? जवळपास तीन तासांचा खंड पडला. ओतलेल्या काँक्रीटची कड आवळू लागली होती, आणि ती नेमकी बीमच्या तोंडाजवळ, म्हणजे जेथे कर्तन बल (स्लॅब कापू पाहणारा जोर) सर्वाधिक असते तेथे, येऊन थांबली होती.

त्या क्षणी तीन पर्याय होते. कड तशीच सोडून, गाड्या आल्यावर पुढे भरत जायचे आणि कोल्ड जॉइंटबद्दल, म्हणजे आवळलेल्या काँक्रीटला नवे नीट न चिकटल्याने राहणाऱ्या कच्च्या सांध्याबद्दल, कोणाला काही सांगायचे नाही. असे घडतच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दुसरा, अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य पर्याय म्हणजे बीमच्या तोंडापासूनचे काँक्रीट काढून घेऊन गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या तृतीयांशात फळी लावून सरळ जोड करायचा. तिसरा म्हणजे संरचना सल्लागाराला रात्री उठवून त्याच्या सांगण्याप्रमाणे करायचे. आम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला. सकाळी जोडाच्या पृष्ठभागाला टाचे मारले, तो साफ केला, सिमेंटची स्लरी लावली आणि उरलेला भाग भरला. पुढे सल्लागाराच्या देखरेखीखाली तपासणी झाली आणि स्लॅब स्वीकारला गेला.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. कनिष्ठ अभियंत्याच्या मते दोष प्लांटचा, प्लांटच्या मते साइटचा आणि प्रकल्प व्यवस्थापकाच्या मते नेटवर्कचा. दीड वर्ष अशा बैठकांत गप्प बसलेल्या हवालदारांनी एकच प्रश्न विचारला : 'त्याच्याकडून आकडा परत म्हणवून घेतला होता का?'

हे त्या खोलीतल्या कोणालाच सुचले नव्हते. आम्ही फोन, नेटवर्क, माणूस, पाळी यांबद्दल बोलत होतो. ते पद्धतीबद्दल बोलत होते. साठ आणि सात हे दोन शब्द गोंगाटात सारखे ऐकू येतात, म्हणून आकडा 'छह-शून्य' असा सांगायचा, ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणायचा आणि दोघांनीही वेळेसकट लिहून ठेवायचा, असे त्यांनी सांगितले. व्यवस्थापकांनी काहीशा चिडूनच त्यांना म्हटले, 'मग हे तुम्हीच बघा.' मला विचाराल तर त्यांची दुसरी कारकीर्द त्या चिडक्या वाक्यापासून सुरू झाली.

उचललेली पावले

पहिली गोष्ट वही. प्रत्येक स्लॅबसाठी एका माणसाला 'कंट्रोल' नेमले. प्लांटशी फक्त त्यानेच बोलायचे. प्रत्येक मिक्सरची निघण्याची, पोहोचण्याची आणि रिकामी होण्याची वेळ, चलनावरचा आकडा आणि स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे याचे माप) या नोंदी त्याच वहीत, त्याच क्रमाने करायच्या. हे करायला एक पैसा लागला नाही.

दुसरी गोष्ट वॉकीटॉकी, आणि येथे एक निर्णय असा आला की जो वरवर क्षुल्लक होता. खरेदी विभागाने बाजारातून आठ स्वस्त सेट मागवले. हवालदारांनी एक सेट हातात घेतला, बटणे दाबून पाहिली आणि तो खोक्यात परत ठेवला. त्या सेटवर 400 ते 470 मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा उघडा होता. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार विनापरवाना असा सेट नुसता बाळगणेही चालत नव्हते. ऑक्टोबर 2018 मध्ये परवानामुक्त झाला होता तो फक्त 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा, आणि तोही कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी. 'सगळ्या साइटवर हेच वापरतात' हा खरेदी विभागाचा युक्तिवाद वस्तुस्थिती म्हणून खोटा नव्हता. हवालदारांनी वाद घातला नाही. या सेटवर मी बोलणार नाही, एवढेच सांगितले. सेट परत गेले, योग्य सेट यायला पाच आठवडे लागले आणि तोवर काम फोनवर आणि वहीवर चालले.

नवे सेट कमी शक्तीचे असल्यामुळे तळघरातून वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू जात नव्हते. सळयांनी भरलेल्या काँक्रीटच्या भिंतींमधून लहरी फारशा जात नाहीत, हे त्यांना अपेक्षितच होते. त्यांनी रॅम्पच्या तोंडाशी एक माणूस बसवून खालचा निरोप वर आणि वरचा खाली अशी साखळी केली.

क्रेनच्या बाबतीत मात्र त्यांना सैन्यातली एक सवय मोडावी लागली. रेडिओवर कमीत कमी बोलायचे, हा त्यांचा अठरा वर्षांचा संस्कार; लांबलेले बोलणे शत्रूला आपली जागा दाखवते. क्रेनचालकाला न दिसणाऱ्या ठिकाणी माल उतरवताना याच्या नेमके उलटे करावे लागते. खालच्या माणसाने 'आरिया, आरिया, आरिया' असे सतत म्हणत राहायचे आणि आवाज थांबला की क्रेनही थांबायची. बॅटरी संपली, सेट पडला, माणूस घसरला, काहीही झाले तरी शांततेचा अर्थ एकच. सुरुवातीला हवालदारांनी स्वतः लावलेल्या नियमात एक इशारा देऊन गप्प बसायचे होते. सळईचा एक गठ्ठा परांचीला घासून गेल्यानंतर क्रेनच्या रिगरने, म्हणजे माल क्रेनला बांधणाऱ्या माणसाने, त्यांना समोरासमोर सुनावले, आणि त्यांनी नियम त्याच दिवशी बदलला. शब्दही त्यांनी खलाशांकडून आलेले, रिगरांच्या तोंडी बसलेलेच ठेवले : उचलायला 'हबेस', सोडायला 'आरिया'. आठच्या हजेरीच्या वेळी जे त्यांना कळले नव्हते, ते येथे कळलेले दिसते. 'थांब' म्हणण्याचा अधिकार मात्र कोणालाही होता, अगदी बिगाऱ्यालाही.

दुसरा निर्णयबिंदू : टेकू

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एका स्लॅबखालचे टेकू नवव्या दिवशी काढून वरच्या मजल्यासाठी न्यावेत, असे व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले. गाळा सव्वापाच मीटरचा होता. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सर्वसाधारणपणे चौदा दिवस ठेवावेत, असे आयएस 456 हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक म्हणते. सात दिवसांच्या क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे, निकाल चांगले आले होते, त्यामुळे व्यवस्थापकांची मागणी अगदीच बेजबाबदार होती असे नाही. पण त्यासाठी सल्लागाराची मान्यता हवी होती आणि ती कोणी मागितली नव्हती.

हवालदारांना हुकूम मानता आला असता, सरळ नाकारता आला असता किंवा व्यवस्थापकांना डावलून सल्लागाराला फोन करता आला असता. यातले काहीच न करता त्यांनी वहीत लिहिले : 'सकाळी 9.40, टेकू काढण्याचा तोंडी आदेश, लेखी पुष्टी मागितली.' आणि खाली व्यवस्थापकांचे नाव. सैनिक म्हटल्यावर तो हुकूम मुकाट्याने पाळेल, असे आपण गृहीत धरतो. पण सिग्नलमध्ये संदिग्ध निरोप पुष्टीसाठी परत पाठवणे हेच कर्तव्य असते, आणि त्यांनी तेवढेच केले.

परिणाम दुहेरी झाला. टेकू चौदा दिवस राहिले. हवालदारांना मात्र सहा आठवडे कंपाउंडच्या भिंतीच्या कामावर पाठवण्यात आले. माझ्या मते येथे त्यांची एक चूक झाली. ती वही दिवसभरात दहा जणांच्या हाती जात असे. नोंद करण्याआधी त्यांनी व्यवस्थापकांना बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलायला हवे होते. नोंद तरीही करता आली असती. त्यांना हे मान्य नाही. बोलणे झाले असते तर नोंद झालीच नसती, असे ते म्हणतात.

फलनिष्पत्ती

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या लेबर कॅम्पमध्ये सुमारे एकशे ऐंशी माणसे अडकली होती. हवालदारांनी प्रत्येक खोलीतून एक माणूस ठरवला. तो सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला फोन करून आपल्या खोलीची माणसे, शिधा आणि आजारी यांची संख्या कळवी. कॅम्पमध्ये त्या काळात अफवा कमी पसरल्या, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. पुढे गावी गेलेल्यांपैकी बऱ्याच गँग परत येताना कंपनीला नव्हे, हवालदारांना फोन करून आल्या. त्यात 2017 मध्ये सोडून गेलेल्या शटरिंग गँगचा मुकादमही होता. 2021 च्या सुरुवातीला त्यांना फोरमन करण्यात आले.

येथवर वाचून ही यशोगाथा वाटेल, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. 2023 मध्ये कंपनीला एका मोठ्या कामाची निविदा भरायची होती. त्यात पर्यवेक्षकीय कर्मचाऱ्यांना स्थापत्य पदविका असण्याची अट होती. हवालदारांचे नाव यादीतून वगळावे लागले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला, सव्वीस वर्षांचा पदविकाधारक त्या कामावर वरिष्ठ म्हणून गेला. त्यांच्याकडे पूर्वज्ञानाच्या मूल्यमापनातून मिळालेले कौशल्य प्रमाणपत्र होते; निविदेच्या रकान्यात ते बसत नव्हते. त्रेचाळिसाव्या वर्षी पदविकेला बसायचे की नाही, यावर ते दोन महिने विचार करत होते. शेवटी त्यांनी नाही म्हटले, कारण मुलीचे महाविद्यालय त्याच वर्षी सुरू होत होते.

वेगळे काय करता आले असते

हवालदारांच्या मते मुख्य चूक 2016 मधली आहे. सैन्यातून निघतानाचा अभ्यासक्रम त्यांनी बांधकाम पर्यवेक्षणाचा घेतला असता आणि फाटकावरचे नऊ महिने वाचवून पदविकेला नाव घातले असते, तर 2023 ची अट त्यांना आडवी आली नसती. मला हे अर्धेच पटते. त्या वेळी बांधकामात आपला काही उपयोग आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते सांगणारेही कोणी नव्हते. त्यांच्या सेवापुस्तकात ट्रेडचे नाव होते, पण निरोपाची शिस्त, लॉग, पुष्टी असे काही त्यात नागरी नोकरीच्या भाषेत लिहिलेले नव्हते.

कंपनीची चूक मला अधिक मोठी वाटते. आम्ही त्यांना शिस्तीसाठी घेतले, आणि शिस्त हीच त्यांच्याकडची सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट निघाली. ते सैन्यात नेमके काय काम करत होते, हे मुलाखतीत कोणी दहा मिनिटे विचारले असते, तर त्यांना पहिल्याच दिवशी क्रेनवर किंवा काँक्रीटच्या नियोजनावर बसवता आले असते आणि अकराव्या मजल्याचा तो जोड कदाचित टळला असता. शिवाय 2019 नंतरही ती पद्धत कंपनीची झाली नाही, हवालदारांचीच राहिली. ती कोणत्याही कार्यपद्धती पुस्तिकेत नाही आणि फोरमनच्या कामाच्या वर्णनातही नाही. मार्च 2024 मध्ये आईच्या निधनानंतर हवालदार पंधरा दिवस गावी होते. त्या पंधरा दिवसांत चार स्लॅब भरले गेले. वहीची तेवढी पाने कोरी आहेत.